नॅशनल पार्कातलं पाणी कुठे कुठे थांबतं

पहिल्या पावसाला बोरिवलीच्या नॅशनल पार्कातल्या ओढ्यांना पाणी येत नाही. लोकांना वाटतं जूनमध्ये दोन दिवस धो धो पडला की लगेच धबधबे चालू, मग सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात की चला रविवारी पार्कात जाऊ, पाण्यात पाय सोडून बसू, आणि तिथे गेल्यावर बघतात तर ओढ्यात नुसते तापलेले दगड, मधे मधे डबकी, त्यात सागाची कुजकी पानं आणि डास. मग सगळे माझ्याकडे बघतात, कारण पार्क म्हणजे माझं खातं असं बिल्डिंगमध्ये कधीच ठरून गेलंय. म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं, म्हणजे पुढच्या जूनमध्ये हेच पाठवता येईल.

तर आधी पाणी जातं कुठे ते. आमचं बोरिवलीचं पार्क म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे 104 चौरस किलोमीटर, एका अंगाला बोरिवली, दहिसर, मालाड, दुसऱ्या अंगाला मुलुंड, ठाणे, येऊर, आणि वर घोडबंदरकडे गेलात की वसईच्या खाडीपर्यंत. मुंबईच्या उपनगरात वर्षाला साधारण 2300 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यातच पडून मोकळा होतो, उरलेले आठ महिने जंगलाने जे साठवलंय त्यावर काढायचे. मे महिन्याच्या शेवटी तिथली माती बघा, काय हालत असते, भेगा पडलेल्या, वारुळांची भोकं, मेलेल्या मुळांच्या जागी राहिलेल्या पोकळ्या, सगळं कोरडंठाक. पहिले आठ-दहा दिवस पडलेलं पाणी ही भोकंच पिऊन टाकतात, आणि ती भरली की मग खालचा मुरूम भरायला लागतो, आणि मुरूम भरला की मगच ओढा बोलायला लागतो. म्हणजे जूनचा शेवट, कधी कधी जुलैचा पहिला आठवडा.

मुरूम हा या सगळ्या गोष्टीतला खरा हिरो आहे आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. आपल्याला मुरूम म्हणजे रस्त्यावर टाकायची भर एवढंच माहीत. पार्काचा डोंगर हा दख्खनच्या लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हा काळा दगड हवापाण्याने सडतो तो कांद्याचे पापुद्रे निघावेत तसा, बाहेरून थर सुटत जातात आणि मधे गोल घट्ट गड्डा राहतो. कान्हेरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला जिथे डोंगर कापलाय तिथे हे मस्त दिसतं, वर वीतभर तांबूस माती, त्याखाली पिवळट मुरूम, मुरमात असे गोल गोल धोंडे अडकलेले, आणि त्याच्या खाली सलग दगड. वरच्या मातीत झाडाची बारीक मुळं असतात पण पाणी राहतं ते मुरमात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाऊस जाऊन दीड-दोन महिने झाले तरी ओढ्यात जे बोटभर पाणी झुळझुळत असतं ना, ते पावसाचं नाही, ते या मुरमातून निथळून आलेलं.

आणि इथेच मला जे सांगायचंय ते आहे. लोक पार्कात झाडं बघतात, प्राणी बघतात, आमचे एक शेजारी फक्त बिबट्या बघायला जातात आणि दर वेळी माकडं बघून परत येतात. पण तिथलं कुठलंही झाड कुठे उभं आहे हे बघितलं की खाली माती किती आहे आणि पाणी किती दिवस मुक्कामाला असतं ते कळतं, अगदी खड्डा न खणता. एकदा ही सवय लागली की पार्क वेगळंच दिसायला लागतं, चालता चालता तुम्ही पायाखालची जमीन वाचायला लागता.

वरून सुरू करू. कान्हेरीच्या माथ्यावर किंवा त्याच्या आजूबाजूच्या कड्यांवर जिथे नुसता दगड आहे तिथे पाणी थांबतच नाही, पडलं की घसरलं. तिथे कांडोळ दिसतो, पांढऱ्याफटक गुळगुळीत खोडाचा, उन्हाळ्यात पानं नसताना चांदण्या रात्री भूत दिसावं असा. दगडाच्या फटीत मुळं घालून उभा. त्याच्या आसपास खैर, कुडा, आणि उतारावर कारवी. दगडाच्या उघड्या पठारांवर मात्र पावसाळ्यात जी गंमत होते ती खालच्या घनदाट जंगलातही होत नाही. बोटभर जाडीची माती, त्यात चार महिने सतत ओल, आणि त्यात एवढाली एवढाली फुलं, निळी नभाळी, ओल झिरपते तिथे सीतेची आसवं, ही बया तर माती इतकी निकस असते की किडे पकडून खाते, जमिनीखाली बारीक पिशव्या असतात तिच्या. ऑक्टोबरमध्ये पंधरा दिवस कडक ऊन पडलं की सगळं वाळून गवत, आणि ज्याला माहीत नाही तो म्हणणार ही जागा ओसाड आहे, इथे झाडं लावली पाहिजेत.

यावर मला जरा चिडचिड होते म्हणून इथेच बोलून घेते. दर पावसाळ्यात कोणी ना कोणी टीशर्ट घालून, बॅनर घेऊन डोंगरावर मोकळी जागा शोधत हिंडत असतं, रोपं लावायला. हेतू चांगलाच असतो, नाही कोण म्हणतं. पण दगडी पठारावर खड्डे पाडून तिथे वड-पिंपळ लावणं म्हणजे जिथे माती वीतभरही नाही तिथे झाडाला मरायला पाठवणं, आणि वर जे होतं ते गवत, ते कंद, ती फुलं, तीपण उखडून. खड्ड्यातली माती पुढच्या पावसात वाहून जाते ती वेगळीच. मोकळी जागा ही रिकामी जागा नसते हो. पार्काच्या नावाची एक वनस्पती आहे माहितीये का, सफेद मुसळी, तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलिएनम, बोरिवलीवरून ठेवलेलं. झेवियर्स कॉलेजचे फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी 1955 साली तिची नोंद केली. आज तिची औषधासाठी शेती होते, पावडरी विकतात, जाहिराती तर विचारू नका कशा कशा, आणि मूळ बाई कोण तर पावसाळ्यात जंगलातल्या उघडीपीत, गवतात उगवणारी वीतभर उंचीची, पांढऱ्या फुलांची. तिच्याच कुळातली फोडशी आपण भाजी म्हणून खातो. झाडं लावा पण आधी बघा तरी तिथे कोण राहतंय.

हां, कारवी. कारवीवर सगळ्यांनी लिहून झालंय, दर आठ वर्षांनी फुलते, निळेजांभळे सगळे डोंगर, 2008 ला फुलली, 2016 ला फुलली, 2024 ला परत फुलली, आता 2032. फोटो सगळ्यांकडे आहेत. पण मला कारवी फुललेली नसतानाच जास्त आवडते. म्हणजे ती मधली सात वर्षं काय करते ते बघा. जिथे उतार इतका तीव्र आहे की मोठ्या झाडाला पाय रोवायला जमत नाही, जिथे माती प्रत्येक पावसात खाली यायला बघते, तिथे ही दाटीवाटीने उभी राहते, माणसाच्या उंचीएवढी, काठ्या काठ्या एकमेकांत अडकलेल्या, तिच्यातून चालायचं म्हणजे हात पुढे धरून वाट काढावी लागते. पाऊस आधी तिच्या खरखरीत पानांवर पडतो, मग काठीवरून ओघळत बुडाशी जातो, जमिनीवर फटका बसतच नाही. फुलून गेल्यावर बी धरते आणि मरते, मग पूर्ण उतारावर नुसत्या वाळक्या काठ्या. त्या वर्षी मला भीती वाटते खरी, म्हणजे हा सगळा उतार आता उघडा पडणार आणि माती येणार खाली. पण मेल्या काठ्या एक-दोन पावसाळे उभ्याच राहतात, आणि त्यांच्या खाली पहिल्या ओलीला बोंडं तडतड फुटतात आणि रोपांचा नुसता गालिचा. 2025 च्या पावसात ही रोपं बघायला जायला पाहिजे होतं लोकांनी, पण फुलं नाहीत म्हटल्यावर कोण जातंय. याच काठ्यांना शेणमाती लिंपून आपल्याकडे घरांचे कूड, म्हणजे भिंती, करायचे, अजून पाड्यांवर कुठे कुठे दिसतात, उन्हाळ्यात आत काय गार वाटतं.

उताराच्या मधल्या पट्ट्यात साग. पार्कात सगळ्यात जास्त डोळ्यात भरतो तो सागच, आणि तो कुठे आहे हे बघण्यासारखं आहे, कारण सागाला पाणी पाहिजे पण साचलेलं नको, मुळाशी पाणी तुंबलं की तो रुसतो. म्हणून निचऱ्याच्या, मुरमाड उतारावर तो खूष. तेच जरा सपाटी आली, माती जड आणि चिकट झाली की साग विरळ होतो आणि ऐन वाढतो. ऐन ओळखायला सोपा, साल काळपट, चौकोनी चौकोनी फुटलेली, आणि जड मातीत पाय बुडवून उभं राहायची त्याची तयारी असते. आणखी ओल, आणखी सपाटी, तर कळंब. हा कदंबाचा नातेवाईक, तसेच गोल चेंडू येतात पण लहान. सागातून चालत चालत कळंब दिसायला लागला की मी सोबतच्यांना सांगते आता ओढा जवळ आहे, आणि असतोच, फार तर दोन-तीन वळणं पुढे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं मी गुगल मॅप बघितलाय.

सागाबद्दल एक तक्रार नोंदवते. त्याचं पान एवढं मोठं की त्यावर बारीक पाऊस जमून जमून मोठा थेंब होतो आणि तो वरून जमिनीवर आदळतो, उघड्या मातीला तो पावसापेक्षा वाईट. म्हणजे झाड आहे म्हणून माती वाचते असं सरसकट नसतं. माती वाचते ती झाडाखालच्या पाचोळ्याने आणि झुडपांनी. जिथे पाचोळा आहे तिथे थेंब आधी पानावर पडतो, मुरतो, खालची माती हलतसुद्धा नाही. आणि जिथे मार्च-एप्रिलमध्ये आग लागून पाचोळा जळून गेलाय तिथे जूनमध्ये बघा, सागाच्या बुंध्याशी माती धुपून मुळं उघडी पडलेली, लहान लहान दगड मातीच्या खांबांवर उभे राहिल्यासारखे दिसतात, दगडाखालची माती वाचलेली आणि आजूबाजूची गेलेली. वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे आग पसरू नये म्हणून पट्टेच्या पट्टे आधीच साफ करून ठेवतात, पण पार्काच्या कडेने एवढी वस्ती आहे की एखादी विडी, एखादा कचऱ्याचा ढीग, पुरतं तेवढं. आग लागली की लोक विचारतात प्राणी मेले का. मी म्हणते पुढच्या पावसात ओढा किती लाल होतो ते बघा, खरं नुकसान तिथे दिसतं.

पाणी लाल आहे की नितळ, हे बघायची सवय लावून घ्या. जुलैच्या सुरुवातीला ओढा गढूळ असणारच, वर्षभराची सुटी माती येणार. पण जुलैअखेरीस, जंगल भरलेलं असताना, जोराच्या सरीनंतर दोन-तीन तासात पाणी नितळलं नाही तर वर कुठेतरी काहीतरी उघडं पडलंय असं समजायचं, वाट रुंदावली असेल, गुरं चढली असतील, खोदकाम असेल.

आता ओढ्याचा काठ. माझी सगळ्यात आवडती जागा. उन्हाळ्यात पार्काचा डोंगर लांबून पाहिलात तर सगळा भुरा, पानगळ झालेला, आणि त्यात घळींमधून हिरव्या रेघा खाली उतरलेल्या दिसतात. त्या रेघा म्हणजे ओढे. पाणी वरून आटलेलं असतं पण वाळू-धोंड्यांच्या खाली ओल असते आणि करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन यांना ती पुरते. एप्रिलमध्ये करंजाला नवी पालवी येते, एवढी तजेलदार की ऊन तिच्यातून आरपार, आणि त्याखाली ओढ्यात उतरलात की बाहेरच्यापेक्षा लगेच गार लागतं. तामणपण काठावरच, आपलं राज्यफूल, एप्रिल-मेमध्ये जांभळं. उंबर तर पाण्याचा पक्का साक्षीदार, गावाकडे विहीर कुठे खणायची हे ठरवताना म्हातारी माणसं उंबर कुठे आहे बघायची ते काही उगीच नाही. काठावरच्या ओल्या कातळांवर पावसाळ्यात नेचे, शेवाळ, आणि सावलीत पेव, त्याची वळत वळत वर चढणारी पानं आणि पांढरी कागदासारखी फुलं.

पार्कातल्याच शिलोंड्याच्या वाटेवर ओढ्याच्या पात्रातच चालायला मिळतं, तिथे दगडात पाण्याने घासून केलेले रांजणखळगे आहेत. पाणी भोवऱ्यात फिरतं, सोबत गोटे फिरवतं आणि दगड कोरत जातं, हजारो वर्षं. पावसाच्या सुरुवातीला ओढा वाहता झाला की मासे उलटे वर चढतात, वळगणीचे मासे, कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, आमच्या आजोळी तर वळगण लागली की अख्खं गाव रात्री बत्त्या घेऊन ओढ्यावर. पार्कात अर्थातच मासे पकडायचे नाहीत, बघायचे फक्त, जमलं तर. मला त्याचा त्रास होतो खरा.

खाण्यावरून शेवळं आठवली, पावसाच्या तोंडावर येणारी रानभाजी. मेअखेरीला बोरिवली स्टेशनबाहेर पाड्यांवरच्या बायका बसतात, वसई-पालघरकडूनही येतात, शेवळं, मग पाऊस लागला की टाकळा, फोडशी, कुर्डू घेऊन. शेवळाचा कंद आठ महिने जमिनीत गप्प पडून असतो, आणि पाऊस यायच्या जरा आधी, वरची माती अजून कोरडी असताना आधी त्याचा तपकिरी कोंब वर येतो, पान नंतर. हे कशाच्या जोरावर, तर गेल्या पावसाळ्यात कंदात जे भरून ठेवलं त्याच्या. ते नुसतं शिजवलं तर घसा खाजतो, म्हणून सोबत काकड घालायचे, काकडाच्या झाडाची आंबट हिरवी फळं. मी एकदा विसरले घ्यायला तर विकणाऱ्या मावशी मागून ओरडल्या, "अगं शेवळं घेतलीस आन काकड नको? घसा धरल मंग मला शिव्या देशील." आता गंमत बघा, शेवळं ज्या आठवड्यात वर येतात त्याच आठवड्यात काकड खायच्या बेताला आलेले असतात. हे जंगलाने जुळवलंय की जिभेने शोधून काढलंय, काय माहीत, पण भाजी फर्स्टक्लास होते, त्यात सुकट घातली तर अजून.

पाणी थांबवायचं शास्त्र माणसाने इथे फार आधी शिकलेलं आहे. कान्हेरीला लोक मूर्ती बघतात, चैत्य बघतात, सेल्फी काढतात. शंभरावर लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास खोदायला सुरुवात झाली आणि पुढे हजारेक वर्षं माणसं तिथे राहत होती. राहत होती म्हणजे आठ महिने पाणी कुठून आणत होती? तर बहुतेक प्रत्येक लेण्याच्या दाराशी एका बाजूला कातळात खोदलेलं टाकं आहे, पोढी, आणि वर छतावर, कातळाच्या पाठीवर पाणी वळवणाऱ्या बारीक चऱ्या कोरलेल्या आहेत, पडलेला पाऊस गोळा होऊन टाक्यात उतरेल अशा. शिलालेखांमध्ये पाण्याच्या पोढ्या दान दिल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे कोणा व्यापाऱ्याने मूर्ती दिली, कोणी टाकं दिलं, दोन्हीचं पुण्य सारखं. आणि तो कातळही बघा, सलग काळा बेसॉल्ट नाही तिथे, ज्वालामुखीतून उडालेल्या तुकड्यांचा आणि राखेचा घट्ट झालेला दगड आहे, ब्रेशिया म्हणतात, कोरायला त्यामानाने सोपा. मला स्वतःला पार्कातलं सगळ्यात भारी इंजिनिअरिंग तेच वाटतं. पावसाळ्यात छत्री घेऊन एक तास फक्त त्या चऱ्यांमधून पाणी कसं वळतं ते बघत बसा, चैत्यगृहात गर्दी असते तेवढा वेळ.

इंग्रजांनी तेच मोठ्या मापाने केलं. विहार तलाव 1860 साली पूर्ण झाला, त्याआधी मुंबई शहर विहिरी आणि तळ्यांवर जगत होतं आणि उन्हाळ्यात तहानेने मरत होतं. मग 1879 मध्ये तुळशी. आणि तलावाचं पाणी स्वच्छ राहायला हवं म्हणून आजूबाजूचे डोंगर राखले, वस्त्या उठवल्या, तोड थांबवली. त्या उठवल्या गेलेल्या माणसांची आठवण कुठे लिहिलेली दिसत नाही, पण जंगलात अधेमधे जुना आंबा, चिंच, ताड असं एकत्र दिसलं की समजावं इथे कोणाचं तरी अंगण होतं. हे जंगल आज उभं आहे त्यात वाघ-बिबट्यांपेक्षा नळाचा वाटा मोठा आहे, असं माझं मत. पुढे कृष्णगिरी नॅशनल पार्क झालं, मग बोरिवली नॅशनल पार्क झालं, मग आत्ताचं नाव पडलं, तो सगळा इतिहास पार्काच्या बोर्डावर आहे, मी टाईप करत बसत नाही.

आज मुंबईला रोज साधारण 385 कोटी लिटर पाणी पुरवलं जातं आणि तुळशी काठोकाठ भरला तरी त्यात 800 कोटी लिटरच्या वर थोडंसं मावतं. म्हणजे अख्खा तुळशी दोन दिवसात संपेल. मग लोक म्हणतात तेवढ्यासाठी एवढी जागा अडवून कशाला ठेवायची. त्यांना मी विचारते, पिण्याच्या पाण्याचं भातसा आणि वैतरणाची धरणं बघतील, पण इथला पाऊस कुठे सोडायचा ते सांगा. कारण हे डोंगर काही नुसतं पाणी पुरवत नाहीत, ते पाणी अडवून धरतात. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा, मुंबईच्या चारही नद्या पार्काच्या आणि त्याला लागून असलेल्या आरेच्या डोंगरातून निघतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासात 944 मिलिमीटर पडला. एवढा पाऊस कुठलंच जंगल पिऊ शकत नाही, जुलैअखेर तर माती आधीच भरलेली असते, ते मी वर सांगितलंच. पण रोजच्या, नेहमीच्या शंभर-दीडशेच्या पावसात जंगलातून येणारं पाणी दमादमाने येतं आणि काँक्रीटवरचं एकदम येतं, हा फरक दहिसरला पुलावर उभं राहून कोणीही बघू शकतो.

दहिसर नदीचंच घ्या. तुळशीजवळच्या डोंगरातून निघते आणि साधारण बारा किलोमीटर वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. आत पार्कात तिला धोंडे आहेत, डोह आहेत, काठाला करंज आहे, खेकडे आहेत, एकेकाळी सिनेमाची शूटिंगं व्हायची तिच्यावर. पार्काची हद्द ओलांडली की दोन्ही बाजूला भिंत. भिंतीमुळे काय होतं, पूर थांबतो म्हणतात, पण भिंत आली की काठ संपला. काठ म्हणजे नदीचं पाणी आणि जमिनीतलं पाणी यांची देवाणघेवाण होते ती जागा, पावसाळ्यात नदी जमिनीला देते, हिवाळ्यात जमीन नदीला देते. भिंत घातली, तळ सिमेंट केला, की जानेवारीत नदीत उरतं ते फक्त आपण सोडलेलं सांडपाणी आणि तबेल्यांचं शेण, आणि मग आपणच तिला नाला म्हणतो. आत, गेटपासून थोडंसंच वर, तीच नदी जानेवारीत नितळ असते. एका दिवसात दोन्ही जागा बघून या, पायी होतं, आणि माझ्याशी वाद घालायला या मग.

घोडबंदरच्या बाजूला नागल्याकडे तर अजून मजा, डोंगराचं गोडं पाणी आणि खाडीचं खारं पाणी जिथे भेटतं तिथे साग-ऐन मागे राहतात आणि तिवरं सुरू होतात, चिखलातून वर आलेली श्वासाची मुळं, पाय ठेवायला जागा नाही. डोंगरावरून धुपून आलेली बारीक माती शेवटी इथे येऊन बसते. वरचा कांडोळ आणि खालची तिवरं यांच्यात काही किलोमीटरचंच अंतर, एकाला पाणी थांबतच नाही म्हणून त्रास आणि दुसऱ्याला चिखलातून निचरतच नाही म्हणून. एकाच पार्कात हे दोन्ही असणं, ते पण मुंबईत, याचं आपल्याला काहीच वाटत नाही.

आता डोंगराच्या पोटातून बोगदे होतायत. ठाणे-बोरिवलीचा जुळा बोगदा, रस्ता धरून सुमारे बारा किलोमीटर, जुलै 2024 मध्ये भूमिपूजन झालं, शिवाय गोरेगाव-मुलुंडचा वेगळा. ट्रॅफिकमध्ये मीही अडकते घोडबंदरला, त्यामुळे नकोच असं म्हणायला तोंड नाही मला. वर एकही झाड जाणार नाही असं सांगतात तेव्हा मात्र मला मुरूम आठवतो आणि त्याखालच्या दगडाच्या भेगा आठवतात, ज्यातून पाणी हळूहळू ओढ्यापर्यंत जातं. झाडं मोजली म्हणून पाणी मोजलं असं होत नाही. माझं म्हणणं एवढंच की डोंगरावरच्या प्रत्येक मोठ्या ओढ्याला डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीत किती पाणी असतं ते खोदकामाच्या आधी, चालू असताना आणि नंतर मोजावं आणि आकडे सगळ्यांना बघता येतील असे ठेवावेत. त्याला काही फार खर्च नाही, एक पट्टी आणि एक माणूस.

आक्रमक, म्हणजे बाहेरून येऊन पसरलेल्या झुडपांचंही थोडं बोलायला पाहिजे, घाणेरी, रानमोडी, पण ते वेगळं लिहीन, त्यात दोन बाजू आहेत आणि मला स्वतःलाच अजून ठरवता येत नाहीये. घाणेरी उपटली की खालची माती उघडी पडते आणि नाही उपटली तर तिच्याखाली सागाचं, ऐनाचं रोप येत नाही.

तर जायचं कधी. शेवळं बघायची असतील तर मेअखेर ते जूनची सुरुवात. पाण्यात पाय सोडायचे असतील तर जुलैचा तिसरा आठवडा उजाडू दे, पण धोक्याच्या जागी जाऊ नका, ओढा वर डोंगरात पाऊस पडला की पाच मिनिटात चढतो आणि खाली ऊन असतं. पठारावरची फुलं ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. मुरमाचं पाणी बघायचं तर डिसेंबर, हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी येत नाही. हिरव्या रेघा एप्रिलमध्ये, कान्हेरीच्या माथ्यावरून, सकाळी लवकर. शिलोंड्याला परवानगी काढावी लागते आणि सोबत गाईड लागतो, तुळशी-विहारला असंच जाता येत नाही. आणि सोमवारी पार्क बंद असतं, दर वेळी कोणीतरी सोमवारचाच प्लॅन करतं.